कुरळे केस सरळ केले, आता तुटताहेत. कापू की थांबू?

खाडीकाठ | २४ मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

माझे केस जन्मापासून कुरळे. नुसत्या लाटा नाहीत, बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखे. लहानपणी आई रविवारी तेल चोपडून गुंता काढायला बसायची तेव्हा माझ्या रडण्यावरून अख्ख्या वाडीला वार कळायचा. शाळेत मला 'झिपरी' म्हणायचे, कॉलेजात बढती मिळून 'नूडल्स' झाले.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि मी पार्लरात जाऊन केस सरळ करून आले. साडेचार तास बसले होते. पहिले तीन महिने काय सांगू, फणी वरून सोडली की सरळ खाली! मग मुळाशी कुरळे डोकवायला लागले. गेल्या नोव्हेंबरात पुन्हा केलं. या वेळी बाईंनी मुळापासून टोकापर्यंत सगळीकडे क्रीम थापलं. वाट लागली ती तेव्हापासून.

आजची स्थिती अशी. टोकं खराट्याच्या हिरांसारखी. कानामागे आणि मानेवर बोटभर उरलेले केस ताठ उभे. न्हाणीघरात पडतात ते लांब केस नव्हेत, तुकडे. आज पट्टी लावून मोजलं: मुळाशी नवीन कुरळा भाग ओढून धरला तर साडेसहा सेंटिमीटर, सोडला की जेमतेम दोन. त्याखाली सरळ केलेले, पाठीवर वीतभर. आणि तुटतात नेमके या दोघांच्या जोडावर.

घरात दोन पक्ष आहेत. नवरा म्हणतो, कापून मोकळी हो. सासूबाई म्हणतात, चतुर्थीला अबोलीची वेणी कशावर माळणार, माझ्या डोक्यावर? मी शाळेत शिकवते, १५ जूनला शाळा उघडेल. कापू की थांबू? आणि पुढचे केस मूळचेच येतील ना?

ता. क. विहीर खाडीला लागून आहे. मे महिन्यात पाणी मचूळ होतं. त्याचाही हात असेल का?

---

टिचकी | २४ मे, रात्री ११:०४

केस आहेत, सातबाऱ्यावरची जमीन नव्हे. कापा.

---

सुपारीची_बाग | २५ मे, सकाळी ६:३०

अजिबात कापू नका. घाण्यावरचं खोबरेल घ्या, त्यात माका, आवळा, जास्वंदीची पानं मंद आचेवर कढवा आणि आठवड्यातून दोनदा रात्री लावून झोपा. माझ्या आजीचे केस ऐंशीव्या वर्षी गुडघ्यापर्यंत होते. माका लावा, महिन्याभरात फरक दिसेल. माका म्हणजे माकाच, दुसरं काही नको.

---

वेंगुर्ल्याचो_झिल | २५ मे, सकाळी ९:१५

सकाळपासून माका माका करतास, पण त्या बाईक कधी लावतलास?

(आमच्याकडे 'माका' म्हणजे 'मला' हे घाटावरच्यांसाठी. हलके घ्या.)

---

सुपारीची_बाग | २५ मे, सकाळी ९:४०

:) चहा सांडला.

---

कात्री_आणि_कंगवा | २५ मे, दुपारी २:२०

खाडीकाठ, चिपळुणात माझं पार्लर आहे, २२ वर्षं झाली. व्यवसायातलीच आहे म्हणून स्पष्ट बोलते.

तुमच्या बाईंनी दुसऱ्या वेळी टोकापर्यंत क्रीम लावलं हीच चूक. दुसऱ्या खेपेला फक्त नवीन वाढलेल्या भागालाच लावायचं असतं. जुना भाग एकदा शिजलेला असतो, त्याला पुन्हा शिजवलं की भाताची पेज होते.

आतलं सांगते. केस प्रथिनाचा असतो आणि त्याला आकार देणारे बंध गंधकाचे. स्मूदनिंग, रीबाँडिंग म्हणतात त्यात थायोग्लायकोलेट हे रसायन ते बंध सोडवतं, मग इस्त्रीने केस सरळ करायचा आणि पेरॉक्साइडवाल्या दुसऱ्या क्रीमने बंध पुन्हा बांधायचे. सगळे बंध काही परत जुळत नाहीत. दुसरा प्रकार हायड्रॉक्साइडवाला रिलॅक्सर. फार घट्ट कुरळ्या केसांसाठी तो बाहेरच्या देशांत जास्त चालतो. त्याचा सामू १२ ते १४, म्हणजे जवळजवळ मोरी साफ करायच्या पावडरीइतका. त्यात बंध सुटून परत बांधले जात नाहीत, कायमचे वेगळेच होतात. या दोन जाती एका केसावर एकापाठोपाठ आल्या तर केस हातात येतात. त्यामुळे तुमच्यावर काय लावलं होतं ते आधी विचारून घ्या. पाकिटाचा फोटो मागा. लाजू नका.

अजून एक. मधल्या काळात काळी मेहंदी लावली होती का? काही पावडरींत धातूचे क्षार असतात, ते या रसायनांशी भांडतात. म्हणून मी आधी मानेजवळची एक बट घेऊन बघते. गिऱ्हाईक म्हणतं, ताई लग्न उद्या आहे, बट कसली बघताय! मग मी गिऱ्हाईक सोडते.

आता तुमचा प्रश्न. सरळ झालेला भाग पुन्हा कुरळा होणार नाही, कुठल्याही तेलाने, मास्कने, नवसाने. जो नवीन येतोय तो मूळचाच आहे, कारण केसाचा आकार त्वचेखालच्या मुळात ठरतो आणि क्रीम तिथवर पोचत नाही. टाळू भाजली असेल तर गोष्ट वेगळी. तशी भाजली होती का?

---

खाडीकाठ | २५ मे, रात्री ९:३०

ताई, खूप आभार. टाळू भाजली नव्हती, थोडी चुरचुरली होती. काळी मेहंदी लावली होती. :( दिवाळीत. पार्लरात कुणी विचारलंच नाही. पाकिटाचं विचारलं तर "इंपोर्टेड आहे" एवढंच उत्तर मिळालं.

---

आंबेबाग | २६ मे, सकाळी ७:१०

देवगडचा माणूस, केसांतलं कळत नाही, कलमांतलं कळतं. जुन्या कलमाची छाटणी केल्याशिवाय नवी फूट जोमाने येत नाही. ज्या फांदीला कीड लागली तिला तेल-पाणी करून काय उपयोग? कापा.

---

त्वचा_ओपीडी | २६ मे, दुपारी ३:४५

आंबेबाग, उपमा छान पण चुकीची. :) झाडाला छाटणी कळते, केसाला नाही. जो बाहेर दिसतो तो मृत तंतू आहे, त्याचं टोक कापलं हे मुळाला कळायला मार्ग नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, कापला तरी, नाही कापला तरी. खाडीकाठ यांचे नोव्हेंबरपासून साडेसहा झाले म्हणजे वाढ उत्तम आहे. तक्रार वाढीची नाही, तुटण्याची आहे.

हा फरक प्रत्येकाने घरी बघावा. पडलेला केस उचला. टोकाला पांढरट गाठ असेल तर तो मुळापासून गळला. दिवसाला ५० ते १०० गळणं सामान्य. गाठ नाही, दोन्ही टोकं उघडी, लांबी कमी, तर तो मधेच तुटला. गळतीला रक्त तपासतात: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड. बाळंतपण किंवा मोठा ताप यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात तेही याच गटात. तुटण्याला यातलं काहीच लागत नाही, कात्री आणि धीर लागतो.

कृपा करून बायोटिनच्या (केसांसाठी म्हणून विकतात त्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्या सरसकट घेऊ नका. कमतरता नसेल तर उपयोग नाही आणि थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा.

टाळूवर गुळगुळीत चकाकणारे चट्टे, दुखणं, पू असलं काही दिसलं तर मात्र धाग्यावर विचारत बसू नका, दाखवा.

---

गुळगुळीत_गोटा | २६ मे, दुपारी ३:५८

डॉक्टर, माझी संपूर्ण टाळू गुळगुळीत आणि चकाकणारी आहे. वय ५४. दाखवू का?

---

त्वचा_ओपीडी | २६ मे, दुपारी ४:१०

तुमच्या वडिलांचा फोटो दाखवा, तेवढ्यावर निदान होईल.

---

पांढरी_चप्पल | २६ मे, रात्री ११:३०

रात्रपाळीतून लिहितेय, तुटक असेल.

बेळगावला नर्सिंगला होते तेव्हा माझी खोलीतली जोडीदारीण येल्लापूरकडची, सिद्दी समाजाची. घरात कोकणी बोलायची, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. (सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. आपल्याकडे सिद्दी म्हटलं की लोक जंजिऱ्याच्या नवाबावर थांबतात. ही माणसं आजही आहेत, कारवारच्या वरच्या रानात.) तिचे केस खाडीकाठ यांच्यापेक्षाही घट्ट. पहिल्या वर्षी वॉर्डात टोपी बसत नाही म्हणून बोलणी खाल्ली आणि तिने रिलॅक्सर करून घेतला. सहा महिन्यांत तुमचीच कहाणी.

मग तिच्या मावशीने तिला जे शिकवलं ते मी समोर बसून बघितलंय. कोरड्या केसांत फणी कधीच नाही. केस ओले करून, कंडिशनर भरपूर लावून, आधी बोटांनी, मग जाड दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर. आणि एका हाताची चिमूट जोडाच्या वर घट्ट, म्हणजे ओढ जोडावर न येता चिमटीत मरते. हे शेवटचं कुणी सांगत नाही आणि तेच महत्त्वाचं.

मग वेणी नाही, पीळ. दोन पदर घेऊन सुंभ वळतात तसा सैल पीळ, असे आठ-दहा. त्याने कुरळा आणि सरळ भाग एकाच घाटाचे दिसतात आणि आठवडाभर हात लावावा लागत नाही. रात्री डोक्याला साटिनचं फडकं. सुती उशी केस ओढते आणि ओलावाही पिते. मुळाशी घट्ट ओढून बांधायचं नाही, नाहीतर तुटणं थांबेल आणि कपाळ मागे जाईल.

दर महिन्याला दोन बोटं कापत गेली. दीड वर्ष लागलं. एकदम कापले नाहीत तिने, आणि मला ते बरोबर वाटतं. वॉर्डात रोज शंभर माणसं बघतात, प्रत्येकाला उत्तर देत बसायची ताकद नसते कुणात.

---

टिचकी | २७ मे, सकाळी ८:००

पांढरी_चप्पल, माझा सातबारा मागे घेतो. उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

---

उकडा_भात | २७ मे, सकाळी १०:२५

मी अंडं लावलं होतं. प्रथिन हवं ना, मग अंडं. यूट्यूबवर बघितलं. पाऊण तास ठेवून न्हाणीतल्या बंबाचं कढत पाणी डोक्यावर ओतलं.

डोक्यात बुर्जी झाली. तीन दिवस वेचत होते. मांजर पाठ सोडेना.

---

कात्री_आणि_कंगवा | २७ मे, दुपारी १:००

हसून हसून मेले. अंड्यातलं प्रथिन इतकं मोठं असतं की केसात शिरतच नाही, वरच बसतं. आत शिरायला तोडून बारीक केलेलं लागतं, बाटलीवर 'हायड्रोलाइज्ड' लिहिलेलं असतं.

तेही रोज नको. एक ओला केस घेऊन हलके ताणा. ताणून परत आला तर ठीक. रबरासारखा लांबतच गेला आणि तुटला तर प्रथिन कमी आहे. अजिबात न ताणता काडीसारखा कट्कन मोडला तर प्रथिन पुरे, आता नुसता ओलावा द्या. बहुतेक बायका घाबरून प्रथिनाचाच मारा करतात आणि केस वाळक्या झावळीसारखे होतात.

---

सुपारीची_बाग | २७ मे, संध्याकाळी ५:४५

म्हणजे खोबरेल बाद? आजीचं सगळं खोटं?

---

त्वचा_ओपीडी | २७ मे, रात्री १०:००

उलट. आजीचं निम्मं सिद्ध झालंय. २००३ साली रेळे आणि मोहिले यांचा अभ्यास आला. त्यात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना होती. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं, ते केसाच्या आत शिरतं, बाकीची वर राहतात. संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते हेही सांगून टाकतो, पण निष्कर्ष टिकला.

म्हणून खोबरेल न्हाण्याआधी, केसांच्या लांबीला. पाणी शिरून केस फुगणं आणि सुकताना आकसणं यानेही तो झिजतो, ते तेलाने कमी होतं. मात्र तेलाने तुटलेला केस सांधत नाही आणि मुळाला खतही मिळत नाही. कोंडा असेल तर टाळूवर रात्रभर तेल नको, कोंड्याची बुरशी त्यावरच पोसते. माक्याचा वास मला आवडतो, एवढंच म्हणेन.

---

वेंगुर्ल्याचो_झिल | २७ मे, रात्री १०:१२

डाक्टराकय माका आवडता. ठराव मंजूर.

---

जांभादगड | २८ मे, सकाळी ११:००

पाण्याचं कुणीच बोललं नाही. जांभ्याच्या सड्यावरच्या विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं, क्षार कमी. खाडीलगतच्या विहिरीत उन्हाळ्यात गोडं पाणी खाली गेलं की खारं आत सरकतं. त्या पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि तो केसांवर बसतो. शाम्पूचं तसं होत नाही, पण क्षार चिकटतातच. म्हणजे तुमच्या विहिरीने गुन्हा केला नसेल, साथ नक्की दिली.

उपाय पंधरा दिवसांवर आलाय. पहिले दोन-चार पाऊस सोडून द्या, कौलं धुऊन निघू देत. मग पागोळीखाली पिंप लावा. इतकं मऊ पाणी विकत मिळत नाही.

---

नदीपार | २८ मे, दुपारी १२:३०

सगळं ठीक, पण मूळ प्रश्नच कुणी विचारत नाही. कुरळे केस सरळ करायचेच का? लग्नाच्या जाहिरातीत 'लांब सरळ केस' लिहिणारे आपणच ना? चूक पार्लरवालीची नाही, आपल्या डोळ्यांची आहे.

---

उकडा_भात | २८ मे, दुपारी १२:५०

नदीपार, तुमचे केस कसे आहेत?

---

नदीपार | २८ मे, दुपारी १:०५

सरळ.

---

उकडा_भात | २८ मे, दुपारी १:०६

बरं.

---

मिठागर | २८ मे, रात्री ९:००

माझाही याच दुखण्यातला प्रश्न. तुटणं लपवायला आता 'फॉर्मॅलिन नसलेलं' केराटिन करा असं पार्लरात सुचवताहेत. करू का?

---

त्वचा_ओपीडी | २८ मे, रात्री ११:२०

नको. त्यात फॉर्मॅल्डिहाइडऐवजी (फॉर्मॅलिन म्हणजे त्याचंच पाण्यातलं द्रावण) बऱ्याचदा ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात २६ वर्षांच्या तरुणीचं प्रकरण छापून आलं: हे आम्ल असलेल्या केस सरळ करायच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा, तीही एकदा नव्हे, दर खेपेला. उंदरांवर तेच क्रीम लावून बघितल्यावर त्यांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक सापडले.

आणि २०२२ चा अमेरिकेतला अभ्यास, ३३ हजारांहून जास्त बायका. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा सरळ करायची रसायनं वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका ४.०५ टक्के, कधीच न वापरणाऱ्यांमध्ये १.६४. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, आणि दोनदा केलं म्हणून खाडीकाठ यांनी झोप उडवून घेऊ नये. पण मूळ केस तुटत असताना त्यावर तिसरं रसायन म्हणजे कुजक्या वाशावर रंग.

---

कात्री_आणि_कंगवा | २९ मे, सकाळी ९:००

डॉक्टर माझा धंदा बसवणार. पण बरोबर बोलताहेत.

---

खाडीकाठ | २९ मे, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं: चतुर्थीपर्यंत थांबायचं, दर महिन्याला दोन बोटं कापायची, पीळ घालायचे. पिंप आणलंय.

---

आंबेबाग | १४ जुलै, सकाळी ७:००

काय झालं पुढे? कलम धरलं का?

---

खाडीकाठ | २८ सप्टेंबर, रात्री ९:४०

उशिरा लिहितेय, क्षमस्व. गणपती, मग सहामाहीचे पेपर.

जून-जुलै छान गेले. पागोळीचं पाणी खरंच वेगळं, केस हाताला साबणासारखे लागायचे. पीळ जमायला चार रविवार लागले. सासूबाई काथ्याचा सुंभ वळत मोठ्या झालेल्या, त्यांनी बघून दोन मिनिटांत माझ्यापेक्षा सरस घातले. पण पावसाळी हवेत नवीन भाग फुगायचा आणि सरळ भाग गळ्यात मेल्यासारखा लोंबायचा. वर भोपळा, खाली दोरी. चिमूट धरूनही जोड तुटतच होते, फक्त कमी.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मानेवरचा एक पीळ सोडताना अख्खा हातात आला. दुखलं काहीच नाही, तेच विचित्र. पिळाच्या एका टोकाला माझा स्वतःचा कुरळा केस नखाएवढा, बाकी सगळा सरळ. बराच वेळ ओट्यावर ठेवून बघत होते. मग छत्री घेतली आणि गावच्या सलूनमध्ये गेले, पुरुषांच्या. तिथल्या दादांनी दोनदा विचारलं, घरी माहीत आहे ना? जोडाच्या वर सगळं काढायला वीस मिनिटं लागली. उरले ओढून नऊ सेंटिमीटर, सोडून चार.

दुसऱ्या दिवशी पाचवीतला एक पहिल्या बाकावरून म्हणाला, "बाई, वीज पडली?"

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. चतुर्थीला अबोलीची वेणी आणली होतीच. मी म्हटलं, आता कुणाला? तर म्हणाल्या, "गौरीक माळलंय. तुका कित्याक व्हयी, तुझ्या डोक्यार आधीच फुलां फुलल्यासारी दिसतत."

आता साडेदहा सेंटिमीटर आहेत. न्हाणीत तुकडे पडत नाहीत, गाठवाले आठ-दहा पडतात, मोजले. जास्वंदीच्या पानांचा चिकट रस काढून जेलसारखा लावते, तो सुकून कडक होत नाही. सुपारीची_बाग, आजीला नमस्कार.

एकच अडचण. स्कूटरवर हेल्मेट घातलं की वरचे सगळे चप्पट आणि कडेचे उभे. कुणाकडे उपाय?

---

गुळगुळीत_गोटा | २८ सप्टेंबर, रात्री ९:५५

आहे. पण तुम्हाला आवडणार नाही.

---

पांढरी_चप्पल | २९ सप्टेंबर, पहाटे ४:२०

किती बरं वाटलं वाचून. हेल्मेटच्या आतून साटिनचं अस्तर शिवून घ्या. ब्लाऊजच्या अस्तरातलं उरतं ना शिंप्याकडे, तेवढं पुरतं. चार टाके, काढून धुता आलं पाहिजे.

---

खाडीकाठ | २९ सप्टेंबर, सकाळी ७:०५

शिंपी हसला, पण दिलं. राणी रंगाचं आहे.